ढाळ

दगू मिस्त्रीने पहिल्याच दिवशी विचारलं,
"किती जणांचं बसणं, सिस्टर?"
मी म्हणाले, चार.
चार कोण, ते त्याने विचारलं नाही.
मलाही सांगता आलं नसतं.
त्याने एक खिळा ठोकला कढीपत्त्याच्या मुळाशी,
दुसरा बोअरच्या झाकणापाशी, दोरी ताणली,
आणि म्हणाला, "दोघांचं करू.
आणखी दोन आले तर राहतील उभे."

सिडकोतलं रो-हाऊस, मागे बारा बाय नऊ.
एकतीस वर्षं सिव्हिलला रात्रपाळ्या करून
एवढी जमीन मिळवली
आणि तिच्यावर काय ठेवलं, तर
फुटकी बादली, जुन्या गादीचा कापूस, एक सायकल,
आणि अळूची चार पानं,
नळ गळतो म्हणून आपोआप आलेली.
शेजारच्या आहेरबाई म्हणाल्या, माती असू दे गं,
मातीत काही ना काही येतं.
खरंय. येतंच.
गाजरगवत येतं.

शहाबादी आली पाथर्डी फाट्यावरून, छोट्या टेम्पोत,
उभी, एकमेकींना टेकून, मधे पेंढा.
दोन फुटल्या होत्या.
"कडेला लागतील," दगू म्हणाला,
"फुटकी लागतेच कुठंतरी."

मग त्याने पाण्याने भरलेली नळी काढली,
एक टोक माझ्या हातात दिलं.
"हलवू नका."
मी ती सलाइनसारखी धरली,
सवयीने बुडबुडा शोधला, टिचकी मारून वर काढला.
पलीकडे त्याच्या टोकाशी पाणी थरथरलं, थांबलं.
आमच्यात बारा फूट
आणि पाणी एकाच उंचीवर.
"हां. आता हे मोडायचं," तो म्हणाला.
"सपाट करून भागत नाही. फुटाला सूतभर उतार.
माणसाला कळू नये, पाण्याला कळावं,
एवढाच ढाळ."

आठ दिवस पाणी मारायचं, पाय ठेवायचा नाही.
मी दारात खुर्ची टाकून
आपल्याच अंगणाकडे पाहुण्यासारखी बघत बसले.
पांडवलेणीच्या डोंगराकडून येणारी थंडी
आधी फरशीवर टेकायची,
मग माझ्या घोट्यांशी.

नवव्या दिवशी बादली ओतली.
सगळं पाणी शहाण्यासारखं जाळीकडे गेलं,
तिसऱ्या रांगेतली एक फरशी सोडून.
तिच्या पोटात ताटलीएवढं राहिलं.
मी फोन केला. पैसे पूर्ण घेतलेत, म्हटलं,
वॉर्डबॉयला बोलायचे त्या आवाजात.
"येतो. ओझरला स्लॅब आहे. चार दिवसांनी."

पहिल्या दिवशी मुंग्या.
दुसऱ्या दिवशी सकाळी बुलबुल,
शेंडी विस्कटलेली, शेपटीखाली लाल,
इकडे बघितलं, तिकडे बघितलं,
आणि त्या चुकीत अशी अंघोळ केली
की कढीपत्त्यापर्यंत शिंतोडे.
तिसऱ्या दिवशी दोन आले.
माझा चहा गार झाला, मी हलले नाही.
उजाडायच्या आत तांब्याभर पाणी
मीच ओतत होते, हे कबूल.

दगू आला.
राहू दे, म्हणता आलं असतं,
तोंडापर्यंत आलंही होतं.
पण बोलावलं मीच होतं,
पोराच्या खांद्यावर सिमेंटची गोणी होती,
आणि त्याला आपली चूक
आपल्या हाताने काढायची होती.
छन्नी घातली, फरशी उचलली, खाली माल भरला,
रबरी हातोडीने ठोकून, कान लावून ऐकलं.
तांब्या ओतला. पाणी गेलं.
"आता थेंब थांबायचा नाही," म्हणाला.
मी म्हटलं, छान.

त्याच जागी हल्ली कुंडीखालची मातीची ताटली ठेवते,
गंगापूर रोडच्या नर्सरीतली, चाळीस रुपयांची.
रोज भरते. कुणी येत नाही.

दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी,
दुसरीवर सुपात वाळणारा कढीपत्ता.
काल आहेरबाई आल्या,
सूप उचलून मांडीवर घेतलं, बसल्या,
जरा सरकल्या, परत सरकल्या.
"उतरतं वाटतं गं इथे थोडं?"
मी म्हटलं,
तुम्हाला कळायला नको होतं.